पहिल्या ओळीतील श्री

सत्तरी उलटलेल्या गृहस्थाने कशाकशाला हात लावू नये, याची एक यादी आमच्या बारामतीच्या घरी सौभाग्यवती कौसल्याबाईंनी मुक्रर केलेली आहे. तीत गॅसची टाकी, माळ्यावर चढण्याचे उंच स्टूल आणि शेजारच्या झुंबररावांची स्कूटर या तीन गोष्टी पूर्वीपासून होत्या. गेल्या माघापासून तीत चौथी नोंद झाली आहे: काळी खिडकी. ही खिडकी भिंतीला नसून संगणकाच्या पोटात असते. तिला गज नाहीत, पडदा नाही, चित्र नाही. नुसता अंधार, आणि त्या अंधाराच्या डाव्या कोपऱ्यात उघडझाप करणारी एक पांढरी रेघ. ही रेघ आपली आज्ञा ऐकण्यासाठी थांबलेली असते असे जाणकार सांगतात. माझा अनुभव असा, की ती आपली चूक होण्यासाठी थांबलेली असते.

झाले असे, की निमगाव केतकीच्या ज्या वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे, त्याने नवा संगणक घेतला. जुना द्यावा आणि नवा न्यावा, अशी दुकानदाराशी बोली झाली होती. नव्या वाचनकक्षाचे उद्घाटन रविवारी योजिले होते. तत्पूर्वी जुन्या यंत्रातील चार हजार तीनशे बारा ग्रंथांची सूची नव्या यंत्रात न्यावयाची, एवढेच काम उरले होते. "एवढेच" हा शब्द मी त्या वेळी वापरला होता. तो कार्यवृत्तात आजही आहे.

ही सूची म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्या ग्रंथपाल सिंधुबाई सकाळी स्वतःच्या रानात गवार आणि दोडकी तोडतात आणि दुपारी तीनला वाचनालय उघडतात. सहा वर्षे खपून त्यांनी प्रत्येक पुस्तक यंत्रात चढविले. लेखक, विषय, पृष्ठसंख्या हे सर्व यथास्थित. परंतु शेवटी "शेरा" नावाचा एक रकाना होता. तो सूची बनविणाऱ्याने "मुखपृष्ठ फाटके" अशा नोंदींसाठी ठेवला असावा. सिंधुबाईंनी त्यात ग्रंथसमीक्षा आरंभिली. या कामी त्यांना गेणबातात्यांचे साहाय्य होते. गेणबातात्या हे आमचे सर्वांत जुने वाचक. पुस्तक परत करताना ते उंबऱ्यावर उभे राहून मत सांगत आणि सिंधुबाई ते जसेच्या तसे टंकित करीत. एका करुण कादंबरीपुढे शेरा होता: "शेवटी समदी मरत्यात. जेवणाआधी वाचू नये." एका जाडजूड तत्त्वचिंतनापुढे: "उशाला चांगलं." डाळिंबावरील रोगांच्या पुस्तकापुढे: "पान बेचाळीस विजयसिंह आबांनी फाडलं. कबूल करत न्हाईत." विजयसिंह आबा आमचे अध्यक्ष आहेत.

परिणाम असा झाला, की गावात पुस्तक नावाने मागण्याची पद्धतच बंद पडली. लोक येत आणि म्हणत, "सिंधुबाई, ते जेवणाआधी न वाचायचं द्या."

समासांवर मी एक पुस्तिका लिहिली आहे. तीही वाचनालयात आहे. तिच्यापुढील शेरा असा: "सरांनी लिवलंय म्हंजी चांगलंच असणार. म्हनून कुणी उघडून बघितलं न्हाय."

ग्रंथसूचीची भाषा संस्कारित असावी, व्यक्तिगत मतांना तीत स्थान नसावे, असे मी सभेत तीन वेळा मांडले. माझ्या पुस्तिकेचा उल्लेख मी केला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. सिंधुबाई इतकेच म्हणाल्या, "सर, तुमी ते पुस्तक नेणारा येक मानूस घिऊन या. त्याच दिशी शेरा बदलती." मी पाच वर्षे असा मनुष्य शोधीत होतो. गेणबातात्या गेल्या वर्षी निवर्तले. मग तो विषय काढणे मलाच प्रशस्त वाटेना.

आता यंत्राकडे वळू. सूचीचा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, ज्याने बनविला तो आमच्याच गावचा अभियंता आता परदेशी स्थायिक झाला आहे, आणि जुन्या यंत्रावर त्याच्या कार्यक्रमाचे दार उघडेनासे झाले होते. आत माहिती होती, पण बाहेरून कडी. तेव्हा माझी माजी विद्यार्थिनी वृषाली पुढे आली. ती इंदापूरला संगणकाचे वर्ग घेते. तिने सांगितले, की माहिती मायएसक्यूएल नावाच्या कोठारात आहे, आणि दार उघडत नसले तरी काळ्या खिडकीतून ती बाहेर काढता येते. पुस्तकांचा एक तक्ता, वाचकांचा दुसरा, आणि कोणते पुस्तक कोणाकडे गेले हे सांगणारा तिसरा. तिघांचे नाते क्रमांकांनी जुळलेले. सगळे मिळून एका फायलीत उतरते. ती फाईल नव्या यंत्राला पाजायची. नवा संगणक तिने माझ्याच घरी आणून जोडला, त्यात एक रिकामे कोठार बांधले, तो कार्यक्रमही बसविला, आणि एका कागदावर आज्ञा लिहून दिल्या. कागदावर दोन ओळींखाली तांबड्या शाईने रेघ होती: "बाहेर काढताना बाणाचे टोक उजवीकडे, म्हणजे फायलीकडे. आत घालताना बाणाचे टोक डावीकडे, म्हणजे डेटाबेसकडे. सर, बाण बदलू नका."

मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे सूचना दिल्या. सूचना घेण्याचा सराव थोडा कमी पडला असणे शक्य आहे.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी निमगावला पोहोचलो. विजयसिंह आबा, सिंधुबाई आणि दुकानदाराचा टेंपोवाला असे तिघे वाट पाहत होते. मी काळी खिडकी उघडली आणि कागदाबरहुकूम आज्ञा टंकित केली. यंत्राने परवलीचा शब्द मागितला. सिंधुबाईंनी तो माझ्या कानात सांगितला. (तो येथे देता येत नाही, तो त्यांच्या म्हशीच्या नावाशी संबंधित आहे, यापलीकडे मी बोलणार नाही.) मी टंकू लागलो, तर पडद्यावर एकही अक्षर उमटेना. पुन्हा टंकिले. काही नाही. कळफलक बिघडला असे मी जाहीर केले. आबा म्हणाले, "हालवून बघा." टेंपोवाला म्हणाला, "उलटा करून आपटा, मातीबिती आसंल." मी तो उलटा करणार, इतक्यात सिंधुबाई पुढे झाल्या.

"सर, दिसत न्हाय म्हणूनच त्याला पासवर्ड म्हंत्यात. व्हा बाजूला."

त्यांनी न पाहता तो शब्द टंकिला आणि एंटर दाबले. रेघ क्षणभर थांबली आणि खालच्या ओळीवर येऊन पूर्ववत उघडझाप करू लागली. बस. चार हजार तीनशे बारा ग्रंथ बाहेर आले आणि यंत्र एक अक्षरही बोलले नाही. एवढे काम केल्यावर मनुष्य निदान "झाले" म्हणतो. मी वृषालीला फोन लावला. ती म्हणाली, "सर, ते काही बोललं नाही म्हणजे सगळं नीट झालं. चुकलं की बोलतं."

हे वाक्य मी मनावर कोरून ठेवले. पुढील सर्व अनर्थ त्यातूनच उद्भवला.

फाईल पेन ड्राइव्हवर उतरली होती. टेंपोवाला घाई करीत होता. परंतु संस्थेची वस्तू ठरावावाचून संस्थेबाहेर जाता कामा नये. मी तेथेच ठराव लिहिला: "जुन्या यंत्रातील सर्व माहिती कार्यवाहांनी सुखरूप हस्तगत केली असून सदर यंत्राचे कार्य समाप्त झाले आहे, सबब ते दुकानदाराच्या स्वाधीन करण्यात यावे." सूचक मी. अनुमोदक विजयसिंह आबा. सिंधुबाई यंत्राच्या पाठीवरून पदराने धूळ पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, आधी तिकडं आत गेल्यालं बघू. मग हे देऊ. चार दिस ऱ्हाऊ द्या हितंच."

"सिंधुबाई," मी म्हणालो, "ठराव झाला आहे."

टेंपो गेला.

बारामतीस परतल्यावर, शुक्रवारी सकाळी स्नान आटोपून मी नव्या यंत्रापुढे बसलो. प्रथम पेन ड्राइव्हवरील फायलीची एक प्रत संगणकात उतरवून घेतली. नंतर पेन ड्राइव्हवरील मूळ फाईल उघडून पाहिली. कोणताही लेख पुढे पाठविण्याआधी एकदा नजरेखालून घालावा, हा माझा नेम आहे. शिरोभागी दोन आडव्या रेघांमागे काही इंग्रजी मजकूर होता. तो मी ओलांडला. त्याखाली पहिलीच आज्ञा अशी होती, की या नावाचा तक्ता आधीपासून असेल तर तो नष्ट करावा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. नष्ट करावा! वृषाली नंतर म्हणाली, ही नेहमीची रीत आहे, जागा मोकळी करून मग मांडामांड करतात. पण ज्या लेखाचा आरंभच उच्चाटनाने होतो, त्याच्या माथ्यावर मंगल अक्षर नसावे, हे माझ्याच्याने पाहवेना. मी किराणा मालाच्या यादीवरही श्री लिहितो. विजेच्या तक्रारीच्या अर्जावर लिहितो. माझ्या वर्गात उत्तरपत्रिकेवर श्री नसल्यास अर्धा गुण कमी होत असे, हे तालुक्यात सर्वश्रुत आहे. मी सर्वांत वर एक ओळ मोकळी केली आणि मध्यभागी लिहिले: ॥ श्री ॥. फाईल जतन केली. मन प्रसन्न झाले.

कागद समोर ठेवून, बाणाचे टोक डावीकडे करून, मी पेन ड्राइव्हवरची ती फाईल आत घालण्याची आज्ञा दिली.

यंत्र बोलले.

इंग्रजीत बोलले, आणि त्याचा मथितार्थ असा होता: तुमच्या वाक्यरचनेत चूक आहे. पहिल्या ओळीपाशी. पुढे अवतरणचिन्हात चार-पाच रिकाम्या चौकटी होत्या. त्या कशाच्या, हे कळले नाही.

वाक्यरचनेत चूक! मी चाळीस वर्षे वाक्यरचना शिकविली. माझ्या हातचा अन्वय कधी निखळला नाही. पहिल्या ओळीत होते काय, तर श्री. ते मी तीनदा तपासले. अक्षर शुद्ध, दंड दोन्ही बाजूंना सारखे. तेथे दोष संभवतच नव्हता.

या वेळी झुंबरराव आले. त्यांच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, म्हणून ते रोज आमचे वाचतात. वाचून झाले की आमच्या घरात काय चालले आहे ते वाचतात. मूळचे वरकुट्याचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षे बसलेले. जगातील प्रत्येक प्रश्न त्यांच्या लेखी गाडीचा आणि काट्याचा असतो.

"काय आडलंय, गुरुजी?"

मी त्यांना न्यायशास्त्राच्या क्रमाने समजाविले. दोष लेखात असेल, यंत्रात असेल किंवा बाणात असेल. लेखाच्या पहिल्या ओळीत श्री आहे, म्हणून तो निर्दोष. यंत्र परवाच खोक्यातून निघाले आहे, म्हणून तेही निर्दोष. आता उरला—

"बाण!" झुंबरराव पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "आवो, ह्यो उलटाच हाय की! आपुन लिवतो डावीकडनं उजवीकडं. ह्येचं तोंड मागं. म्या तीस वर्सं काट्यावर काढली, गुरुजी, रिव्हर्सनं आल्याली गाडी येकदाबी काट्यावर चढू दिली न्हाय. ऊस आत घ्यायचा आसंल तर गाडी तोंड म्होरं करून आली पायजे."

"पण वृषालीने तांबड्या शाईने लिहिले आहे."

"ल्हान हाय ती. लिवताना कागद उलटा धरला आसंल."

कौसल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्या मुलीला एक फोन करा ना."

विद्यार्थिनीला फोन करून गुरूने "माझ्या वाक्यरचनेत चूक आहे म्हणतात" असे सांगावे, हे मला साधले नाही. तेव्हा मी बाण फिरवून पाहण्याचे ठरविले. मात्र ज्या फायलीवर श्री लिहिले आहे, ती अशा प्रयोगात ओढणे योग्य दिसेना. मी पेन ड्राइव्ह काढून कौसल्याबाईंच्या हाती दिला आणि म्हणालो, "नीट ठेवा, यावर श्री आहे." त्यांनी तो कोठे ठेवला, हे पुढे कळले. संगणकात श्री नसलेली जी साधी प्रत होती, ती मी प्रयोगास घेतली. आज्ञा तीच. बाणाचे टोक उजवीकडे, फायलीकडे. झुंबरराव म्हणाले, "आता सरळ झालं." परवलीचा शब्द दिला. एंटर.

यंत्र गप्प झाले.

रेघ नव्या ओळीवर येऊन उघडझाप करीत राहिली. चूक नाही, चौकट नाही, इंग्रजी नाही. मी झुंबररावांकडे विजयी मुद्रेने पाहिले. "ते बोलले नाही म्हणजे नीट चालले आहे," मी वृषालीचे वचन त्यांना ऐकविले. "ग्रंथ चार हजारांवर आहेत. ग्रहण करायला वेळ लागेल."

"काट्यावर बी आसंच," झुंबरराव म्हणाले. "भरल्याली गाडी आसली की काटा थरथरतो. थिर हुईस्तवर दम धरायचा."

आम्ही दम धरला. चहा झाला. मी यंत्रापुढे एक शब्दही मोठ्याने बोललो नाही, न जाणो त्याची एकाग्रता भंगायची. झुंबररावांनी पंखाही बंद करविला. दहा वाजता आम्ही कुजबुजत होतो. अकरा वाजता खुणांनी बोलत होतो. एकदा कुकरची शिटी झाली, तेव्हा झुंबररावांनी स्वयंपाकघराकडे असे पाहिले, की मला त्यांना आवरावे लागले. साडेअकराला मी मनात हिशेब केला की एव्हाना निम्मे ग्रंथ आत गेले असावेत.

पावणेबाराला दारात सिंधुबाई उभ्या राहिल्या. एका हातात गवारीची पिशवी, दुसऱ्या हातात एसटीचे तिकीट तसेच. उद्घाटनाआधी आपली सूची नव्या घरात गेलेली पाहावी म्हणून त्या निमगावहून आल्या होत्या.

"सर, आलं का माझं आत?"

मी ओठांवर बोट ठेवले आणि पडद्याकडे खूण केली. "ग्रहण चालले आहे."

सिंधुबाई जवळ आल्या. त्यांनी पडदा पाहिला, माझा कागद पाहिला, तांबड्या शाईखालची ओळ वाचली, पुन्हा पडदा पाहिला.

"सर, बाण फिरवला का तुमी?"

झुंबरराव वर्तमानपत्रात शिरले.

सिंधुबाईंनी खिडकी मिटविली आणि फायलीचे आकारमान पाहिले. तेथे आकडा होता: शून्य केबी. टोक फायलीकडे म्हणजे फायलीत ओतणे. ओतण्याआधी यंत्र भांडे रिकामे करून घेते. आम्ही एंटर दाबले त्याच क्षणी सहा वर्षे रिकामी झाली होती. आणि नंतर ते यंत्र अडीच तास केवळ आमच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. आम्ही त्याची. दोघेही मर्यादाशील, म्हणून कोणीच आधी बोलले नाही.

पेन ड्राइव्हवरची फाईल यंत्राने सकाळीच नाकारली होती, म्हणून झुंबररावांनी स्वतःच्या फोनवरून दुकानदाराला जुन्या यंत्राविषयी विचारले. तिकडचा आवाज सर्वांना ऐकू आला: "ते व्हय? ते कालच पुसून साफ केलं. कोरं करकरीत."

सिंधुबाई भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या खुर्चीवर टेकल्या, कौसल्याबाईंनी दिलेले पाणी प्यायल्या, आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळीत म्हणाल्या, "पुस्तकं हायती की कपाटात. नावं लिवू पुन्यांदा. दोन वर्सं लागत्याल. पर तात्यांचं शेरं कुठनं आणू, सर? ते म्या आता काय लिवणार? तात्या तर न्हाईत सांगायला."

शेऱ्यांचा रकाना नको म्हणून मी तीन वेळा सभेत उभा राहिलो होतो. माझे म्हणणे पूर्णतः मान्य झाले होते. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. ठराव माझा, सही माझी, बाण माझा. मी फोन उचलला आणि वृषालीला सर्व काही, झुंबररावांच्या गाडीसकट, क्रमाने सांगितले. आरंभी "माझ्या वाक्यरचनेत चूक आहे" हेही सांगितले.

तिने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "सर, पेन ड्राइव्हवर होती ना एक प्रत?"

"आहे. पण ती यंत्र स्वीकारीत नाही. पहिल्याच ओळीला नाही म्हणते."

"पहिल्या ओळीत काय आहे?"

"श्री."

"म्हणजे?"

"म्हणजे श्री. मी लिहिले. वरती."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती नीट चालल्याची शांतता नव्हती, हे आता मला कळू लागले होते. अखेर वृषाली म्हणाली, "सर, यंत्राला फक्त आज्ञा समजतात. श्री ही आज्ञा आहे का शोधत बसलं असणार. त्या चौकटी म्हणजे तुमचं श्रीच. काळ्या खिडकीला देवनागरी दाखवता येत नाही. बाकी सगळं जसंच्या तसं आहे त्यात! फाईल जिवंत आहे! आणा तो पेन ड्राइव्ह!"

पेन ड्राइव्ह देवघरात होता. कौसल्याबाईंनी त्याला बाळकृष्णाच्या शेजारी तांदळांवर ठेवून हळदकुंकू वाहिले होते. "श्री आहे म्हणालात ना," त्या म्हणाल्या. पेन ड्राइव्हच्या तोंडात कुंकू, त्यावर दोन अक्षता. झुंबररावांनी दाढीच्या ब्रशने तो झाडला, सिंधुबाईंनी फुंकर मारली, आणि यंत्राने त्याला ओळखले. फाईल उघडली. खाली चार हजार तीनशे बारा ग्रंथ, आणि वर माझे श्री.

"आता ती पहिली ओळ पुसा, सर," वृषाली म्हणाली.

मी बोट कळीवर नेले. नेले, आणि थांबविले. "वृषाली, लिहिलेले श्री मी पुसणार नाही."

"बरं, मग सिंधुबाईंना सांगा."

"म्या?" सिंधुबाई दोन पावले मागे सरल्या. "येवढं देवानं राखलं, आन त्याच्यावरच हात फिरवू व्हय? न्हाय बा."

झुंबररावांनी स्वतःहून सांगितले, की त्यांचे हात दाढीच्या ब्रशला लागलेले आहेत. कौसल्याबाईंनी मान हलविली. एका श्रीपुढे चार प्रौढ माणसे उभी होती आणि पुसायला कोणी तयार नव्हते. पलीकडे वृषाली हसू लागली. "मीही सांगू शकत नाही, सर. माझा अर्धा गुण गेलाय यापायी, सहावीत. थांबा. श्रीच्या आधी दोन आडव्या रेघा द्या, आणि एक जागा मोकळी सोडा. रेघांमागचं यंत्र वाचत नाही. ओलांडून पुढं जातं."

"म्हणजे ते श्रीला दुर्लक्षिते?"

"सर, खालची ओळ बघा. यंत्रानं स्वतःचं नाव आणि आवृत्ती कशी लिहिलीये?"

मी पाहिले. जो इंग्रजी मजकूर मी सकाळी ओलांडला होता, तो तसाच दोन रेघांमागे होता. यंत्राने काम आरंभण्याआधी स्वतःचे नाव-गाव घातले होते, आणि ते कोणत्याही आज्ञेत मिसळू नये म्हणून बाजूला राखले होते. मंगलाचरण ग्रंथाच्या विषयात मोडत नाही. ते त्याच्या आधी उभे असते. हे मी मुलांना शिकवीत आलो. यंत्राला ते आधीपासून ठाऊक होते. माझे मन निवले. मी दोन रेघा ओढल्या, जागा सोडली, आणि फाईल जतन केली.

या वेळी मी आणखी एक गोष्ट केली. पेन ड्राइव्हवरून संगणकात प्रत घेतली, सिंधुबाईंच्या फोनमध्ये एक घेतली, वृषालीला एक पाठविली. झुंबररावही पेन ड्राइव्ह मागत होते. त्यांना चहा दिला.

बाणाचे टोक डावीकडे. सिंधुबाईंनी एंटर दाबले. रेघ थांबली. पाच श्वास गेले, आणि ती खालच्या ओळीवर येऊन उघडझाप करू लागली. एक अक्षर नाही. मी सिंधुबाईंकडे पाहिले. त्यांनी सूचीचा कार्यक्रम उघडला. उजव्या कोपऱ्यात आकडा आला: चार हजार तीनशे बारा.

"सर," त्या म्हणाल्या, "आधी तुमचंच बघू." आणि त्यांनी माझी पुस्तिका काढली. "सरांनी लिवलंय म्हंजी चांगलंच असणार. म्हनून कुणी उघडून बघितलं न्हाय." अक्षर न् अक्षर होते. माझा अपमान एका कान्यामात्रेचीही झीज न होता परत आला होता, आणि मी तो दोनदा मोठ्याने वाचला. सिंधुबाईंनी पदराने डोळे टिपले. "तात्यांनी उंबऱ्यावर हुभं ऱ्हाऊन सांगितल्यालं. पुसू का सर? तुमी येवढं केलंत."

"नको. फार तर त्याच्याआधी दोन रेघा द्या."

"दिऊन काय उपेग? मशीन जाईल वलांडून. निमगावचं मानूस न्हाय जायाचं."

रविवारी उद्घाटन झाले. मोठ्या पडद्यावर सूची दाखविण्यात आली. विजयसिंह आबांनी कौतुकाने डाळिंबाचे पुस्तक शोधावयास सांगितले आणि सर्व गावाने पान बेचाळीसची हकीकत वाचली. त्यावर आबांनी भाषण आटोपते घेतले. नंतर, का कोण जाणे, सिंधुबाईंनी माझी पुस्तिका पडद्यावर आणली. हशा पिकला. मी उपरणे सावरले आणि दूरवर पाहिले.

हशा ओसरल्यावर वरकुट्याच्या एक वाचक, चंद्राबाई, खांबाशेजारून उठल्या आणि टेबलापाशी आल्या. "सिंधुबाई, ते कुणी न उघडल्यालं द्या बरं. बघू तरी, काय हाय आत."

सिंधुबाईंनी कपाटातून पुस्तिका काढली, तिच्यावरची धूळ झटकली, वाचकाच्या तक्त्यात चंद्राबाईंचा क्रमांक आणि पुस्तकाच्या तक्त्यात माझा क्रमांक जुळविला. मग शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"सर, शब्द दिल्ता. आता शेरा बदलावा लागंल."

"थांबा," मी म्हणालो. "आधी त्या उघडून तर पाहू देत."